‘माल’ जिवंत पोचवायचा होता, तर माणसं इतकी कोंबत का?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका वाचून तुम्ही मूळ व्यापाराबद्दल वाचायला घेतलंत, जहाजात माणसं ओळीनं निजवलेली दाखवणारं ते चित्र पाहिलंत, आणि तीन शंका विचारल्यात. माणसं जिवंत पोचण्यातच व्यापाऱ्याचा नफा होता, मग त्यांना इतकं कोंबून का नेत? वाटेत निम्मी मरत, हे खरं का? आणि आफ्रिकेतल्याच राजांनी त्यांना विकलं असेल, तर दोष नेमका कुणाचा?

पदवीच्या वर्गाला अटलांटिकचा इतिहास शिकवून मला पंचवीसेक वर्षं झाली. पहिली शंका दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि मला ती आवडते, कारण तिच्यामुळे हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात. पण आधी आकडे उरकून घेते.

सोळाव्या शतकापासून १८६० च्या दशकापर्यंतच्या सुमारे ३६,००० फेऱ्यांची माहिती संशोधकांनी एकत्र केली आहे. बंदरांचे दस्त, जकातीच्या नोंदी, कप्तानांच्या रोजनिश्या, विम्याची कागदपत्रं, असं सगळं जुळवून ते काम झालं. त्यावरून निघालेला अंदाज असा: आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवलेली माणसं सुमारे १ कोटी २५ लाख, पलीकडे उतरलेली सुमारे १ कोटी ७ लाख. मधली १८ लाख समुद्रात गेली. म्हणजे सरासरीनं सातातलं एक माणूस. काही फेऱ्यांत निम्मी आणि निम्म्याहून जास्तही मेली, पण सगळ्या व्यापाराला तो आकडा लावता येत नाही. सुरुवातीच्या काळात प्रमाण जास्त होतं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश जहाजांवर ते दहा टक्क्यांच्या खाली आलं होतं.

‘सातातलं एक’ ऐकून वर्गात कधीकधी सुटकेचा सूर उमटतो, ‘म्हणजे निम्मी नव्हेत!’ तेव्हा मी म्हणते, तीनशे वस्तीचं एक गाव डोळ्यांसमोर आणा. त्यात म्हातारं कुणी नाही, कारण विकत घेताना दात तपासून, पळवून बघून घेतलेली तरणीताठी माणसं आणि पोरंच आहेत. त्या गावात दोन महिन्यांत चाळीस मयती. आणि हा हिशेब फक्त जहाजावरचा. आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत किती गेली, किनाऱ्यावरच्या कोठड्यांत महिनोन्‌महिने पडून किती गेली, याचा कागद कुणी ठेवलाच नाही, कारण ती अजून कुणा युरोपियनाच्या खात्यावर चढलेली नव्हती. पलीकडे उतरल्यावर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत मेलेली आणखी वेगळी.

एक गैरसमज जाता जाता दूर करते. गुलामांचा व्यापार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतली कापसाची शेतं येतात. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून थेट उतरवलेली माणसं चार लाखांच्या आतच होती. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास उतरली, आणि बाकीच्यांतली बहुतेक कॅरिबियन बेटांवर. साखरेनं हा व्यापार पोसला.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे.

तुम्ही पाहिलेलं चित्र लिव्हरपूलच्या ‘ब्रुक्स’ नावाच्या जहाजाचं. १७८८ च्या अखेरीस व्यापाराविरुद्ध चळवळ करणाऱ्या प्लिमथच्या मंडळींनी ते पहिल्यांदा छापलं, पुढच्या वर्षी लंडनला त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्यात पुरुषाला दिलेली जागा आहे सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद. मी ती वर्गात फरशीवर खडूनं आखते. सोळा इंच म्हणजे हातभराहूनही थोडं कमी, असं म्हणून नुसतं सांगितलं तर कुणाला काही वाटत नाही. आखल्यावर मुलं गप्प होतात, कारण आपल्या बाकावर एकेकाला त्याहून जास्त जागा असते. एका वर्षी मी दोघांना त्या चौकटीत झोपून बघायला सांगितलं होतं. वर्गात हसू फुटलं. त्यानंतर मी कुणाला झोपायला सांगितलेलं नाही. खडूची रेघ पुरते.

उंचीचंही सांगायला हवं, कारण सपाट चित्रात ती दिसत नाही. ‘ब्रुक्स’च्या मधल्या मजल्याची उंची पावणेसहा फुटांच्या आत होती, पण कडेनं मध्यावर फळ्यांचा माळा ठोकलेला असे आणि त्यावर माणसांची दुसरी रांग. म्हणजे वरच्यालाही आणि खालच्यालाही जेमतेम अडीच फूट. उठून बसता येणार नाही. पुरुष जोडीनं बांधलेले, एकाचा उजवा पाय दुसऱ्याच्या डाव्या पायाशी. रात्री शौचाला जायचं तर जोडीदाराला उठवायचं, आणि दोघांनी इतरांच्या अंगावरून बादलीपर्यंत जायचं. जुलाब लागलेल्या माणसाला ते जमत नसे. अलेक्झांडर फाल्कनब्रिज नावाचा एक डॉक्टर अशा चार फेऱ्यांवर गेला आणि पुढे या व्यापाराविरुद्ध उभा राहिला. आमांशाची साथ असताना खालची जमीन रक्तानं आणि आवेनं इतकी माखलेली असे, की ती कसाईखान्यासारखी दिसे, असं त्यानं १७८८ मध्ये लिहून ठेवलं आहे.

हे चित्र कायदा झाल्यानंतरचं आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १७८८ मध्ये ब्रिटिश संसदेनं जहाजाच्या टनामागे किती माणसं न्यायची यावर मर्यादा घातली. ‘ब्रुक्स’च्या वाट्याला ४५४ आली. चित्रातली दाटी कायद्यात बसणारी आहे. त्याआधी हेच जहाज सहाशेवर माणसं घेऊन गेलं होतं.

मग तोट्याचं काय? संशोधकांनी शेकडो फेऱ्यांची दाटी आणि मृत्यू ताडून पाहिले, तेव्हा दोहोंचा संबंध अपेक्षेपेक्षा फार क्षीण निघाला. मृत्यू वाढत ते दिवस वाढले की. जहाज कुठल्या बंदरातून निघालं, किनाऱ्यावर भरती पुरी व्हायला किती महिने नांगर टाकून बसलं, वारा पडला का, यावर जास्त अवलंबून असे. अंगोलातून ब्राझील पाच-सहा आठवड्यांत गाठता येई, पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियनला दोन महिने लागत, मोझांबिकहून निघालेल्या जहाजाला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून त्याहून जास्त, आणि तिथे मृत्यूही जास्त. कप्तानांना हे अनुभवानं ठाऊक होतं. शंभर माणसं जास्त भरल्यानं मृत्यूचं प्रमाण दुप्पट होत नाही, आणि पोचलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे मिळतात. व्यापारी मूर्ख नव्हते. त्यांचा हिशेब बरोबर होता, आणि मला या विषयात सगळ्यात भयंकर वाटतं ते हेच.

मारत होतं ते मुख्यतः आमांश. आज आपल्या घरातल्या पोराला जुलाब लागले की आई आधी मीठ-साखरेचं पाणी देते, कारण माणूस जातो तो अंगातलं पाणी संपून, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जहाजावर दोन वेळचं जेवण, आणि फाल्कनब्रिज सांगतो त्याप्रमाणे जेवणागणिक अर्धा पाइंट पाणी, म्हणजे साधारण पाव लिटर. खाली विषुववृत्ताजवळची उष्णता, झडपा बंद, अंगातून घामाच्या धारा. निरोगी माणसालाही ते पाणी पुरणार नाही. जास्त पिंपं न्यायची तर माणसांची जागा कमी होते. पाणी आणि माणूस एकाच जागेसाठी भांडत होते, आणि विकत घेणारा माणसालाच मिळत असे.

कप्तानाची कमाईही विक्रीवर होती. पगार थोडका, खरा पैसा विकलेल्या माणसांमागच्या दलालीत, शिवाय एक-दोन माणसं स्वतःच्या नावावर विकण्याची सवलत. खलाशी मेले तर त्यांचा पगार वाचे. खलाशांच्या मृत्यूचं प्रमाण अनेकदा गुलामांइतकं किंवा त्याहून जास्त असे, हेही लक्षात ठेवा.

विम्यावर थोडं थांबते. दुखण्यानं मेलेल्या माणसाची भरपाई विमेवाले देत नसत. तो जनावरासारखा ‘नैसर्गिक मृत्यू’. पण जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ समुद्रात टाकावा लागला, तर भरपाई मिळे. १७८१ मध्ये विल्यम ग्रेगसन आणि त्याच्या लिव्हरपूलच्या भागीदारांचं ‘झाँग’ हे जहाज ४४२ माणसं घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालं. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड आधी जहाजावरचा डॉक्टर होता, स्वतंत्र कप्तानकीची ही पहिलीच वेळ. वाटेत माणसं मरायला लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस जमैका दिसलं, पण ते दुसरंच बेट समजून जहाज पुढे गेलं. पाणी पुरणार नाही, असं ठरवण्यात आलं. २९ नोव्हेंबरला ५४ बायका-मुलांना केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात टाकलं. १ डिसेंबरला ४२ पुरुषांना. त्यानंतरच्या दिवसांत आणखी छत्तीस जणांना, आणि दहा जणांनी ते पाहून स्वतःच उड्या घेतल्या. मध्यंतरी पाऊस पडला होता, पिंपं भरून घेता आली होती. २२ डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं, तेव्हा त्यावर २०८ माणसं जिवंत होती आणि ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं.

मालकांनी माणशी ३० पौंडांचा दावा लावला. ज्यूरीनं तो मान्य केला. १७८३ मध्ये प्रकरण इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आलं, तेव्हा ज्यूरीच्या दृष्टीनं हे घोडे समुद्रात टाकल्यासारखंच होतं, असं ते म्हणाले. त्यांनी फेरसुनावणीचा हुकूम दिला खरा, पण तो पाण्याच्या आणि पावसाच्या पुराव्यावरून. खटला विम्याचा होता, खुनाचा नव्हता. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही, आणि जहाजाची रोजनिशी सापडलीच नाही. हे प्रकरण बाहेर आलं ते ओलाउदा इक्वियानोमुळे. स्वतः गुलामीतून सुटलेल्या या माणसानं वर्तमानपत्रातली बातमी वाचून ग्रॅनव्हिल शार्प या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याचं दार ठोठावलं.

आता ज्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवते आहे, ते सांगते. वहीत ही माणसं ‘माल’ होती. पण जहाज बघा. साखरेच्या पोत्यांसाठी जे कधी कुणी बांधलं नाही, ते या जहाजावर बांधलेलं असे. मुख्य डोलकाठीजवळ जहाजाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन्हीकडे पाण्यावर फूट-दोन फूट पुढे आलेली, दहाएक फूट उंचीची लाकडी भिंत. तिला बॅरिकाडो म्हणत. पुरुषांना हवेसाठी वर आणलं की ते भिंतीच्या पुढच्या बाजूला, आणि मागच्या बाजूला खलाशी, बायका आणि मुलं. भिंतीवर फिरत्या तोफा, तोंडं माणसांकडे. कडेनं सभोवार जाळं, कारण लोक उड्या घेत. झडपांना लोखंडी-लाकडी जाळ्या. पोत्यांवर कुणी तोफ रोखत नाही. ज्यांनी हे ठोकून घेतलं, त्यांना आपण काय नेतो आहोत ते पक्कं माहीत होतं.

१७८७ मध्ये टॉमस क्लार्कसन हा तरुण पुरावे गोळा करत लिव्हरपूलला गेला होता. तिथल्या एका दुकानात त्याला बेड्या, अंगठा चिरडायचा स्क्रू आणि एक विचित्र चिमटा दिसला, त्या वस्तू त्यानं विकत घेतल्या. चिमटा मूळचा डॉक्टरांचा, दातखीळ बसलेल्या रोग्याचं तोंड उघडायचा. मिटलेली टोकं दातांत घालायची आणि स्क्रू फिरवला की जबडा उघडतो. जहाजावर तो कशाला, असं त्यानं विचारलं. काही जण खायचंच नाकारतात, हे उत्तर. बाजारात सहज मिळणारी वस्तू होती ती. इतकी माणसं अन्न नाकारत होती, की दुकानदार चिमटा ठेवत होता.

त्यांतल्या एकाची हकीकत टॉमस ट्रॉटर यानं संसदेपुढे सांगितली आहे. ट्रॉटर ‘ब्रुक्स’वरच डॉक्टर होता, १७८३–८४ च्या फेरीत. हा माणूस आपल्या गावच्या मुखियाशी भांडला, त्यानं चेटकाचा आळ घालून त्याला कुटुंबासकट विकलं. जहाजावर तो अन्नाला शिवेना. एका सकाळी त्याचा गळा चिरलेला आढळला. ट्रॉटरनं टाके घातले. रात्री त्यानं टाके तोडले आणि दुसरी बाजू फाडली, नखांनी. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. गोऱ्यांबरोबर मी कधीच जाणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याचे हात बांधले. आठ-दहा दिवसांनी तो उपाशी मेला. त्याचं नाव ट्रॉटरनं सांगितलेलं नाही.

साधारण दहातल्या एका फेरीत उठाव होत असे. बहुतेक मोडले जात. बायकांना सहसा बेड्या नसत आणि त्यांना अधिकाऱ्यांच्या बाजूला ठेवत. यामागचं एक कारण उघड आहे, त्यांच्यावर वाटेल तेव्हा हात टाकता यावा. पण त्यामुळेच हत्यारं कुठे आहेत, पहारा कधी ढिला असतो, हे बायकांना कळे, आणि कितीतरी उठावांत खबर त्यांनीच पोचवली. १७३० मध्ये ‘लिटल जॉर्ज’ या अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला निघालेल्या जहाजावर ९६ जणांनी ताबा मिळवला, नऊ दिवसांत जहाज मागे वळवून सिएरा लिओनच्या नदीत आणलं आणि उतरून चालते झाले. उठावाच्या भीतीनं जास्त खलाशी, जास्त तोफा, जास्त विमा, असा खर्च वाढे. या खर्चामुळे सुमारे दहा लाख माणसं कमी नेली गेली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे हरलेल्या उठावांनीही कुणाला तरी वाचवलं.

उलट बाजूही आहे. १ जानेवारी १७३८ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामजवळ मारोवाइन नदीच्या मुखाशी ‘ल्यूस्डेन’ हे डच जहाज रेतीवर रुतून बुडू लागलं. आतली माणसं वर आली तर होड्यांसाठी झुंबड उडेल, म्हणून खलाशांनी झडपा खिळे ठोकून बंद केल्या. ६६४ माणसं आत बुडाली. खलाशांनी सोन्याची पेटी मात्र वाचवली, आणि त्याबद्दल त्यांना बक्षीस मिळालं.

तिसरी शंका, विकलं कुणी. हो, किनाऱ्यावर विकणारे बहुतेक आफ्रिकनच होते: पश्चिम आफ्रिकेतली दाहोमी आणि असांते ही राज्यं, बोनी बंदराचे सरदार, आणि त्यांचे दलाल. पण ‘आपलीच माणसं विकली’ हे वाक्य तिथे बसत नाही. ‘आफ्रिकन’ ही ओळख तेव्हा त्या कुणाचीच नव्हती. विकला जाई तो शत्रूच्या मुलखातला, कर्जात बुडालेला, आळ आलेला, पळवलेला. आणि मागणी इतकी वाढली, की लढाया बंदिवानांसाठीच होऊ लागल्या. काँगोचा राजा अफोन्सो यानं १५२६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली होती, की तुमचे व्यापारी रोज आमच्या लोकांना, सरदारांच्या मुलांनासुद्धा पळवून नेताहेत. राजानं मागितलं म्हणून व्यापार थांबला नाही.

या साखळीत आपल्याकडचा मालही होता, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड युरोपियन कंपन्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन माणसांच्या बदल्यात देत. मोझांबिकला दीवचे व्यापारी गुजराती कापड पाठवत, आणि तिथून माणसं ब्राझीलला जात. आपण सहज ‘कवडीमोल’ म्हणतो, पण दाहोमीच्या विदा बंदरात कवडी हे खरं नाणं होतं. मालदीवच्या कवड्या पोत्यांनी तिथे जात, आणि माणसाची किंमत त्यांत मोजली जाई. दीवचा कोष्टी किंवा मालदीवची कवडी वेचणारी बाई यांना याची कल्पना असण्याचं कारण नाही. बंदरातल्या सावकारांना होती.

मोझांबिकहूनच ब्राझीलला निघालेलं ‘साओ जोसे’ हे पोर्तुगीज जहाज २७ डिसेंबर १७९४ रोजी केप टाउनजवळ खडकावर आपटलं. पाचशेवर बंदिवान होते, दोनशेवर बुडाले, आणि वाचलेल्यांना तिथेच विकलं गेलं. त्याचे अवशेष पाणबुड्यांनी शोधले, २०१५ मध्ये ओळख जाहीर झाली. ओळख पटायला एक मोठा आधार झाला तो लोखंडाच्या ठोकळ्यांचा. लिस्बनहून निघताना असे १,४०० हून अधिक ठोकळे चढवल्याची नोंद होती. हे नीरम, म्हणजे जहाज डोलू नये म्हणून तळाशी ठेवायचं वजन. इतर माल असता तर इतकं लागलं नसतं. माणसं त्या मानानं हलकी असतात, आणि हलतात.

माणसांची नावं फारशी उरलेली नाहीत, तरी थोडी आहेत. १८०७ मध्ये ब्रिटननं कायद्यानं हा व्यापार बंद केला, त्यानंतर ब्रिटिश आरमारानं पकडलेल्या जहाजांवरच्या लोकांची फ्रीटाउन आणि हवाना इथल्या न्यायालयांत नोंद झाली: आफ्रिकन नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. अशी सुमारे ९१,००० नावं आज वाचता येतात. तुम्हाला पुढे काम करायचं असेल तर तिथून सुरुवात करा. व्यापार कायद्यानं बंद झाला, तरी ब्राझीलला १८५० पर्यंत आणि क्यूबाला १८६० च्या दशकापर्यंत जहाजं जातच राहिली.

आणि ब्राझीलमधला एक शब्द लक्षात ठेवा, ‘मलुंगू’. मध्य आफ्रिकेच्या भाषांतून आलेला हा शब्द एकाच जहाजातून आलेल्या सोबत्याला लावत. सुरिनाममध्ये त्यालाच ‘माती’ म्हणत, जमैकात इंग्रजीत ‘शिपमेट’. ज्यांची भाषा, गाव, देव सगळे वेगळे, ते त्या दोन महिन्यांत एकमेकांचे झाले. हे नातं सख्ख्या भावंडांसारखं मानत. एका जहाजातून आलेल्यांनी आपसात लग्न करायचं नाही, आणि त्यांची मुलं एकमेकांच्या आईबापांना काका-मावशी म्हणत.